फुटबॉल मॅनेजर: सुरुवातीचे अकरा कसे निवडायचे

फुटबॉल मॅनेजर या व्हिडिओ गेममध्ये (यात तुम्ही एका क्लबाचे मॅनेजर असता) नवी सेव्ह, म्हणजे नवा डाव, सुरू केली, क्लब घेतला, संचालक मंडळाच्या अपेक्षा वाचून झाल्या, की पहिल्या मॅचआधी खरा प्रश्न समोर येतो: मैदानात कोणाला उतरवायचं? पडद्यावर आपोआप संघ निवडण्याचा पर्याय असतो. तो दाबला की सहायक मॅनेजर स्वतःच्या मताने अकरा नावं भरून देतो. गेमला नवखे असलेले लोक तेच दाबत राहतात आणि हंगामाच्या मध्यावर गोंधळतात. नावं बघितली तर संघ वरच्या चारांत हवा, टेबलात मात्र अकरावा.

याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. अकरा चांगले खेळाडू उतरलेले असतात, पण त्यांना अकरा कामं वाटून दिलेली नसतात. म्हणून पुढच्या पायऱ्या एका ठरावीक क्रमाने लिहिल्या आहेत: आधी काम, मग माणूस, मग त्या माणसाची आजची अवस्था. वाचताना डोळ्यासमोर फुटबॉल मॅनेजर २६ ठेवा, म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेली आवृत्ती. २५ ची आवृत्ती रद्द झाल्यामुळे बरेच जण अजून २४ वरच खेळतात. जिथे फरक पडतो तिथे सांगितलंय.

पायरी १: आधी जागा, मग नावं

संघाची यादी उघडा आणि स्वतःला एक प्रश्न विचारा: यातले कोणते दोन-तीन खेळाडू काहीही झालं तरी बाहेर बसवायचे नाहीत? फॉर्मेशन, म्हणजे मैदानातली मांडणी, त्यांच्याभोवती बांधा (४-२-३-१ सारखे आकडे गोलकीपर सोडून बचावापासून पुढे प्रत्येक फळीत किती जण ते सांगतात). दोन स्ट्रायकर उत्तम आहेत आणि धड विंगर (कडेने खेळणारा आक्रमक) एकही नाही, अशा संघाला ४-२-३-१ मध्ये कोंबलं तर एक चांगला स्ट्रायकर बेंचवर जातो आणि दोन्ही बाजूंना उसने विंगर धावतात. तिथे ३-५-२ किंवा डायमंडवालं ४-४-२ (मधले चौघे चौकटच्या आकारात) बरं. इंटरनेटवर कोणाचं तरी 'अजिंक्य टॅक्टिक' मिळतं, ते उतरवून घेण्याचा मोह होईल. पण ते ज्याच्या संघासाठी बनवलंय त्याच्याकडे तुमचे खेळाडू नाहीत.

पहिल्या हंगामात एकच फॉर्मेशन धरून ठेवा. खेळात एका वेळी तीन टॅक्टिक तयार ठेवता येतात, पण संघाला कुठलीही रचना अंगवळणी पडायला सरावाचे आठवडे लागतात. दर मॅचला रचना बदलली तर ती सवय कधी होतच नाही.

आता प्रत्येक जागेला रोल द्या. एकाच जागेवर दोन रोल म्हणजे दोन वेगळी कामं. पोचर बचावफळीच्या खांद्यावर उभा राहून मागच्या रिकाम्या जागेत धावतो. टार्गेट फॉरवर्ड लांबून आलेला चेंडू अंगावर घेऊन इतरांना खेळवतो. पोचरच्या जागी धिप्पाड पण संथ गडी ठेवला, तर खेळाडू वाईट नसूनही जागा वाया जाते. २४ मध्ये रोलबरोबर डिफेंड, सपोर्ट किंवा अटॅक अशी ड्युटी द्यावी लागते. २६ मध्ये ड्युटी गेली, त्याऐवजी चेंडू आपल्याकडे असतानाचा रोल वेगळा आणि नसतानाचा वेगळा. त्यामुळे नवख्याचं काम थोडं वाढलंय. चेंडू असताना मधल्या फळीत शिरणारा फुल बॅक (कडेचा बचावपटू) चेंडू गेल्यावर परत बाजूला धावून विंगरला अडवणार आहे का, हेही बघावं लागतं. दोन्ही परीक्षा एकाच माणसाला द्यायच्या आहेत.

नावं भरण्याआधी शेवटचं: चेंडू समोरच्या पेटीजवळ (गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्राजवळ) हरवला तर मागे कोण उरतं ते मोजा. दोन्ही फुल बॅक वर, मधले दोघेही वर, असं असेल तर दोन सेंटर बॅक (मधले बचावपटू) उघड्यावर पडतात. किमान एक मिडफिल्डर किंवा एक फुल बॅक असा हवा, ज्याचं कामच थांबणं आहे.

पायरी २: कोण खेळूच शकत नाही

जखमी आणि निलंबित खेळाडू यादीत ठळक दिसतात. फसवते ती नोंदणी. इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये २५ जणांची यादी द्यावी लागते आणि त्यात 'होमग्रोन' (तिथल्याच क्लबांत घडलेले) नसलेले जास्तीत जास्त १७ चालतात. २१ वर्षांखालचे या यादीबाहेर राहूनही खेळू शकतात. युरोपीय स्पर्धांच्या मुख्य यादीतही २५ जागा आणि त्यातल्या ८ स्थानिक पातळीवर घडलेल्या खेळाडूंसाठी राखीव. ही यादी भरायची सूचना इनबॉक्समध्ये येते. ती घाईत पुढे ढकलली तर महागडा नवा खेळाडू जानेवारीपर्यंत प्रेक्षक होतो.

यलो कार्डांवरही नजर ठेवा. प्रीमियर लीगमध्ये पहिल्या १९ सामन्यांत पाच यलो झाली की एक सामना बंदी. तुमच्या बचावात्मक मिडफिल्डरची चार झाली आहेत, या आठवड्यात तळाचा संघ आणि पुढच्या आठवड्यात विजेतेपदाचा दावेदार, तर तळाच्या संघाविरुद्ध त्याला बसवा. फारसं कोणी हे करत नाही, आणि मग मोठ्या सामन्याला तोच गायब असतो.

पायरी ३: स्टार बघा, पण तेवढ्यावर थांबू नका

खेळाडूच्या नावासमोरचे सोनेरी स्टार हे तुमच्या प्रशिक्षकांचं मत आहे, आणि तेही तुमच्याच संघाच्या तुलनेत. एखादा मिडफिल्डर छोट्या क्लबात चार स्टारचा असतो. तोच मोठ्या क्लबात गेला की दोनचा होतो. माणूस तोच, शेजारी बदलले. शिवाय मत देणाऱ्या प्रशिक्षकाची खेळाडू ओळखण्याची क्षमता कमी असेल, तर ते स्टारही तितकेच कच्चे.

आत एक लपलेला आकडा असतो, खेळाडूची सध्याची एकूण क्षमता, २०० पैकी. स्टार त्याच्याभोवती फिरतात. पण एकूण क्षमता कुठे खर्च झाली आहे हे स्टार सांगत नाहीत. दोन्ही पायांनी सारखाच खेळणारा खेळाडू त्या क्षमतेचा एक हिस्सा दुसऱ्या पायात घालवून बसलेला असतो. तुमच्या रोलला दुसऱ्या पायाची गरजच नसेल, तर एक स्टार कमी असलेला शेजारी तिथे सरस ठरू शकतो. स्टारवरून फक्त दोन-तीन उमेदवार निवडा. त्यांच्यातला एक ठरवायला प्रोफाइल उघडावं लागतं.

पायरी ४: अ‍ॅट्रिब्यूट रोलच्या चष्म्यातून वाचा

गोलकीपर सोडून प्रत्येकाला ३६ अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे गुणांचे आकडे, दिसतात: १४ तांत्रिक, १४ मानसिक, ८ शारीरिक, प्रत्येक १ ते २० मध्ये. सगळे वाचत बसाल तर पहिली मॅच सुरूच होणार नाही. प्रोफाइलमध्ये रोल निवडला की त्याला लागणारे अ‍ॅट्रिब्यूट ठळक होतात, तेवढेच वाचा.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा. १२ हा आकडा चांगला की वाईट, हे लीगवर ठरतं. तळाच्या विभागात १२ पेस (वेग) असलेला विंगर फुल बॅकला पळवून मारतो. सर्वोच्च लीगमध्ये तोच मागे पडतो. खेळात तुमच्या संघाची लीगमधल्या इतर संघांशी तुलना दाखवणारे अहवाल आहेत. आपला संघ वेगात, उंचीत, स्टॅमिनात कुठे उभा आहे, हे हंगामाच्या सुरुवातीला एकदा बघून ठेवा. मग प्रत्येक आकड्याला अर्थ येतो.

गोलकीपर सोपा. रिफ्लेक्सेस, हँडलिंग, वन ऑन वन, एरियल रीच, आणि मानसिकमध्ये कॉन्सन्ट्रेशन व पोझिशनिंग. मागून पास देत खेळायचं असेल तर पासिंग आणि फर्स्ट टचही बघा. एक्सेंट्रिसिटी जास्त असणं हा गुण नव्हे; असा गोलकीपर नको तेव्हा पेटी सोडून भटकतो. पहिला गोलकीपर ठरला की त्याला उगाच हलवू नका. कपच्या सुरुवातीच्या फेऱ्या दुसऱ्याला द्या.

सेंटर बॅक निवडताना सगळ्यात जास्त गोंधळ हेडिंग आणि जंपिंग रीच यांत होतो. जंपिंग रीच म्हणजे डोकं किती उंचीवर पोचतं. खेळाडूची शरीराची उंचीही त्यात धरलेली आहे. हेडिंग म्हणजे तिथे पोचल्यावर चेंडू हवा तिकडे जातो का. हेडिंग १७ आणि जंपिंग रीच ८ असलेला सेंटर बॅक हवेतल्या फार थोड्या लढती जिंकतो, कारण तो तिथवर पोचतच नाही. यानंतर मार्किंग, टॅकलिंग, पोझिशनिंग, स्ट्रेंग्थ. आणि कॉन्सन्ट्रेशन, जे नवखे वाचतच नाहीत; शेवटच्या दहा मिनिटांत सुटलेला माणूस, विसरलेलं मार्किंग, यामागे बऱ्याचदा तेच असतं.

बचावरेषा वर ठेवून खेळत असाल तर पेस आणि अ‍ॅक्सेलरेशन सेंटर बॅकलाही लागतात. दोघेही संथ असतील तर मागच्या मोकळ्या जागेत पडलेला प्रत्येक थ्रू बॉल धोक्याचा. उपाय दोनच: रेषा खाली घ्या, नाहीतर दोघांपैकी एक वेगवान ठेवा, भले त्याचा अर्धा स्टार कमी असो. मी नेहमी दुसरा मार्ग घेतो. रेषा खाली घेतली की वर दबाव टाकणाऱ्या फॉरवर्डमागे मैदान मोकळं पडतं आणि सगळा संघ ताणला जातो.

फुल बॅकला स्टॅमिना आणि वर्क रेट (राबण्याची तयारी) नसेल तर बाकीचं वाचू नका. ही जागा मॅचमध्ये खूप पळवते.

मधली फळी मात्र निवांत बघायची. इथे जोडीने विचार करा. दोन मिडफिल्डर असतील तर एक चेंडू हिसकावणारा, एक चेंडू चालवणारा. दोघेही कलाकार असले की बचावफळीसमोर भगदाड पडतं आणि दोघेही राबणारे असले की चेंडू पुढे जात नाही. हिसकावणाऱ्याला टॅकलिंग, अँटिसिपेशन, पोझिशनिंग, वर्क रेट. चालवणाऱ्याला पासिंग, व्हिजन, फर्स्ट टच, टेक्निक, आणि या सगळ्यांवर डिसिजन्स. व्हिजन म्हणजे पास दिसणं, पासिंग म्हणजे तो पोचवणं, डिसिजन्स म्हणजे आत्ता तो द्यावा की नाही हे कळणं. व्हिजन १६ आणि डिसिजन्स ८ अशा खेळाडूला प्रत्येक वेळी चाळीस मीटरचा पास सुचतो, आणि प्रत्येक वेळी तो देतो. बघायला मजा येते, जिंकायला नाही. फर्स्ट टच कमी असलेल्याला घट्ट जागेत प्लेमेकर करू नका. चेंडू ताब्यात घेईपर्यंत दोन जण अंगावर आलेले असतात.

तीन मिडफिल्डर असतील तर तिसरा कोण हे पुढच्या फळीवर ठरतं. स्ट्रायकर एकटा पडत असेल तर पेटीत धावत जाणारा, म्हणजे ऑफ द बॉल (चेंडू नसताना योग्य जागी पोचणं) आणि स्टॅमिना असलेला घ्या. विंगर आत येऊन गोल करणारे असतील तर तिसऱ्याने मागे राहिलेलं बरं.

विंगरकडे पेसपेक्षा आधी अ‍ॅक्सेलरेशन बघा. पेस म्हणजे पूर्ण वेगात कितीपर्यंत जातो, अ‍ॅक्सेलरेशन म्हणजे तिथे किती लवकर पोचतो. कडेला फुल बॅकला चकवायला पहिली चार पावलं मोलाची. मोकळ्या मैदानात प्रतिहल्ल्याला धावायचं असेल तिथे पेस उपयोगी.

स्ट्रायकर निवडताना सगळे फिनिशिंग बघतात. फिनिशिंग १७ पण ऑफ द बॉल ७, असा खेळाडू गोल करत नाही, कारण गोल करण्याच्या जागी तो नसतोच. ऑफ द बॉल, अँटिसिपेशन (पुढचं ओळखणं), कंपोझर (दबावात शांत राहणं) ही तिकडी आधी, मग फिनिशिंग. आणि मागून लांब चेंडू टाकणार असाल तर स्ट्रेंग्थ व जंपिंग रीच.

सगळ्या जागांना लागू असलेली एक सूचना: दोन खेळाडू जवळपास सारखे असतील तर वर्क रेट, टीमवर्क आणि डिसिजन्स जास्त असलेला घ्या. तुमची रचना वरपासून दबाव टाकणारी असेल तर हे अधिकच खरं. एकाने धावणं सोडलं की बाकी नऊ जणांचं धावणं फुकट जातं. अ‍ॅग्रेशन जास्त म्हणजे खेळाडू घाण खेळतो असं नाही. तो भिडतो, एवढंच. पण अ‍ॅग्रेशन १७ आणि टॅकलिंग ७ असं जुळलं की कार्डं मोजायला बसा.

काही गुण आकड्यात दिसतच नाहीत: सातत्य, मोठ्या सामन्यांतला खेळ, दुखापतीची प्रवृत्ती. ते प्रशिक्षकांच्या अहवालात, गुण-दोषांच्या यादीत वाक्यांच्या रूपात येतात. प्रोफाइल झकास असूनही एखादा खेळाडू एका आठवड्यात चमकतो आणि दुसऱ्यात दिसत नाही, तेव्हा ती यादी उघडा. 'सातत्य नाही' असं लिहिलेलं असेल तर तो बेंचवरून येणारा खेळाडू म्हणून फार कामाचा, पण दर शनिवारचा आधार म्हणून नाही.

पायरी ५: जागा आणि पाय

प्रत्येक खेळाडूच्या प्रोफाइलवर छोट्या मैदानात ठिपके दिसतात. गडद हिरवा म्हणजे ती जागा त्याची स्वतःची. हिरवा फिका होत पिवळट-नारिंगीकडे जातो तसा तो तिथे परका होत जातो. एक दर्जा खालचा चालतो. अगदी परक्या जागेवर चांगला खेळाडू ठेवण्यापेक्षा त्या जागेचा साधा खेळाडू ठेवणं बहुतेक वेळा परवडतं. सेंटर बॅकमध्ये तर नक्कीच.

पायाचं गणित रोलवर आहे. डावीकडून आत वळून गोल मारायचा असेल तर उजव्या पायाचा हवा; कडेने खाली जाऊन क्रॉस टाकायचा असेल तर डावा. दोन सेंटर बॅकमध्ये एक डावखुरा मिळाला तर मागून खेळ बांधणं सोपं जातं, पण त्यासाठी चांगला बचावपटू बाहेर बसवू नका. प्रोफाइलमधल्या खेळाडूच्या खास सवयीही वाचा. आत कापत जायची सवय असलेल्या विंगरला क्रॉस टाकायचा रोल दिला तर तो तुमचं ऐकण्यापेक्षा स्वतःच्या सवयीचं जास्त ऐकतो.

पायरी ६: आज तो किती ताजा आहे

इथपर्यंतचं काम हंगामात एकदा-दोनदा करायचं आहे. ही पायरी मात्र दर मॅचला.

खेळाडूच्या तयारीच्या दोन बाजू असतात आणि नवखे त्यांची गल्लत करतात. एक कंडिशन, म्हणजे आत्ता अंगात किती जोर आहे. ती हृदयाच्या चिन्हाने दिसते. दुसरी शार्पनेस, म्हणजे मॅच खेळण्याची सवय किती ताजी आहे. आठवडाभर आराम केलेल्याची कंडिशन पूर्ण असते. तोच महिनाभर खेळला नसेल तर शार्पनेस घसरलेली असते. चाकूचं तसंच आहे: वापरून बोथट होतो तसा पडून गंजतोही. दुखापतीतून परतलेल्या मोठ्या खेळाडूचं हृदय हिरवं बघून त्याला थेट अकरांत टाकलं की तो मैदानात हरवल्यासारखा वाटतो, आणि पुन्हा दुखापत व्हायचा धोकाही वाढतो.

त्याला परत आणायची पद्धत अशी: आधी त्याला राखीव किंवा युवा संघाच्या मॅचसाठी उपलब्ध करा. 'पूर्ण मॅच फिट होईपर्यंत' असा पर्याय त्यात आहे. मग मुख्य संघाच्या बेंचवर घेऊन शेवटची वीस-पंचवीस मिनिटं द्या. त्यानंतर सोप्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध सुरुवातीला उतरवा आणि साठाव्या मिनिटाला काढा. हंगामापूर्वीच्या मैत्रीपूर्ण सामन्यांतही हेच तत्त्व. निकाल विसरा आणि सगळ्यांना मिनिटं वाटा.

स्टॅमिना आणि नॅचरल फिटनेस यांतही फरक आहे. स्टॅमिना एका मॅचमध्ये शेवटपर्यंत टिकवतो. नॅचरल फिटनेस दोन मॅचच्या मधल्या दिवसांत गेलेला जोर भरून काढतो. शनिवार-मंगळवार-शनिवार असे तीन सामने आले की दुसऱ्याची खरी किंमत कळते. नॅचरल फिटनेस कमी असलेला खेळाडू, त्यातही तिशी ओलांडलेला, मंगळवारी बसवायचाच. वाट बघू नका.

अशा आठवड्यासाठी मी आधी मधला सामना भरतो. मंगळवारी कोणत्या चार-पाच जागा बदलायच्या हे ठरवलं की दोन्ही शनिवार आपोआप सुटतात. बदलताना एकाच फळीतले सगळे बदलू नका. दोन्ही सेंटर बॅक एकदम नवे, किंवा मिडफिल्डची जोडी पूर्ण नवी, हे टाळा. प्रत्येक फळीत एक ओळखीचा माणूस राहू द्या. फुल बॅक आणि विंगर आधी बदला, कारण ते खूप पळतात. आणि वैद्यकीय कक्षाचं पान उघडून कोणाच्या दुखापतीचा धोका वाढलाय ते बघा. तिथे लाल दिसणारा खेळाडू हृदय हिरवं असलं तरी सुरुवातीला नको.

इंग्लंडचा दुसरा स्तर, चॅम्पियनशिप, निवडला असेल तर २४ संघ आणि लीगचेच ४६ सामने. तिथे ठरलेले अकरा ही कल्पनाच टिकत नाही. सोळा-सतरा जणांचा गाभा लागतो.

पायरी ७: मन, फॉर्म आणि दिलेले शब्द

प्रत्येक खेळाडूशी खेळण्याच्या वेळेचा करार असतो: हा मुख्य खेळाडू, हा नियमित, हा गरजेपुरता, हा भविष्यातला. हंगाम सुरू होण्याआधी 'नियमित' आणि त्यावरचे किती आहेत ते मोजा. अकरा जागांसाठी असे सोळा निघाले तर काही आठवड्यांतच दारावर रांग लागणार. तक्रार आल्यावर आश्वासन देण्यापेक्षा आधीच एखाद्याचा दर्जा बोलून बदलणं किंवा त्याला विकणं स्वस्त पडतं. आणि आश्वासन दिलंच तर पाळा; एक नाराज वजनदार खेळाडू ड्रेसिंग रूममधले त्याचे चार मित्रही घेऊन बसतो.

मोराल (मनोधैर्य) खालावलेल्याला मोठ्या मॅचला टाळावं, इतकंच. फॉर्म बघताना शेवटच्या पाच रेटिंग वाचा, पण रेटिंग गोल आणि असिस्टकडे झुकलेलं असतं. बचावात्मक मिडफिल्डरचं ६.८ बघून त्याला काढू नका. त्याने किती चेंडू अडवले, किती पास हरवले ते बघा. स्ट्रायकरने चार सामने गोल केला नसेल तर आधी त्याला संधी मिळताहेत का ते पाहा. संधी मिळत असतील तर ठेवा. मिळत नसतील तर दोष त्याला चेंडू पुरवणाऱ्यांत शोधा.

तरुणांना मिनिटं लागतात. अठरा-एकोणीसचा गुणी खेळाडू वर्षभर बेंचवर बसला तर वाढत नाही. मॅच तीन-शून्य झाली की त्याला वीस मिनिटं द्या. तेवढीही देता येत नसतील तर लोनवर (काही काळ दुसऱ्या क्लबाकडे उसना) पाठवा.

पायरी ८: समोर कोण आहे

नवख्याने यात फार गुंतू नये. एक किंवा दोन बदल, बस. समोर हवेतून खेळणारा उंच संघ असेल तर उंच सेंटर बॅक. समोर संथ बचावफळी असेल तर वेगवान स्ट्रायकर. प्रतिस्पर्ध्याचा अहवाल वाचून अख्खा संघ उलटापालटा केला तर गेल्या सात पायऱ्यांचं काम वाया.

पायरी ९: बेंच

बेंच म्हणजे उरलेले नऊ चांगले खेळाडू असं समजू नका. प्रीमियर लीगमध्ये बेंचवर ९ आणि बदल ५ करता येतात, तेही खेळ चालू असताना तीनच वेळा थांबून. मध्यंतरात केलेले बदल त्या तिनात धरत नाहीत. दुसऱ्या लीगमध्ये आकडे वेगळे असू शकतात, स्पर्धेच्या नियमांचं पान एकदा वाचा.

एक गोलकीपर. एक सेंटर बॅक. एक असा, जो दोन्ही बाजूंना फुल बॅक खेळू शकतो. हा माणूस कोणत्याही संघातला सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगी. एक बचावात्मक मिडफिल्डर, कारण पहिल्या अकरांतल्याला यलो मिळालं की साठाव्या मिनिटाला त्याला काढावं लागतं. एक पास देणारा, आघाडी असताना चेंडू दाबून ठेवायला. दोन वेगवान, पासष्टाव्या मिनिटानंतर दमलेल्या बचावपटूंवर सोडायला. एक वेगळ्या जातीचा स्ट्रायकर: सुरुवातीला चपळ असेल तर बेंचवर उंच, किंवा उलट. उरलेली जागा तरुणाला. चार बदल केल्यावर पाचवा हातात ठेवा, निदान ऐंशीव्या मिनिटापर्यंत. दुखापत झाली आणि बदल संपलेले असले तर दहा जणांनी मॅच काढावी लागते.

पायरी १०: सेट पीस आणि कर्णधार

अकरा बदलले की कॉर्नर, फ्री किक आणि पेनल्टी घेणारेही बदलतात, आणि हे नजरेतून सुटतं. नेहमीचा कॉर्नर मारणारा बाहेर बसला की यादीतला पुढचा उचलला जातो, आणि तो तुमचा सगळ्यात उंच सेंटर बॅक असू शकतो, ज्याला खरं तर पेटीत हेडर मारायला उभं करायचं होतं. म्हणून प्रत्येक कामासाठी तीन-चार नावं क्रमाने भरून ठेवा. पेनल्टीला पेनल्टी टेकिंगबरोबर कंपोझर बघा. कर्णधाराला लीडरशिप आणि संघातलं वजन लागतं. पण त्याहून आधी तो दर आठवड्याला खेळणारा हवा, म्हणून उपकर्णधार वेगळ्या फळीतला ठेवा. आक्रमक कॉर्नरच्या वेळी मागे थांबणारे दोघे वेगवान आहेत ना, हे मॅच सुरू करण्याआधी एकदा बघून घ्या. फुल बॅक बदलले असतील तर ती जागा बहुतेक वेळा रिकामी किंवा चुकीच्या माणसाकडे गेलेली सापडते.